हरण्या दुसऱ्यांदा गेला

१

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलता कलता, आमच्या कवठाळ्यातून एक बैल गायब झाला.

बैल साधासुधा नव्हता. त्याला दाणा-वैरण लागत नसे, गोचीड चिकटत नसे, आणि त्याच्या शेणानं कुणाचं अंगण कधी सारवलं गेलं नव्हतं. तो फायबरचा होता. तरीही तो गेला म्हटल्यावर बायांनी तोंडाला पदर लावले आणि म्हातारी माणसं सवयीनं खाली वाकून त्याच्या खुरांचे ठसे शोधायला लागली.

कवठाळं म्हणजे चुडावा स्टेशनला उतरून नदीच्या अंगानं चालत सुटलं की लागतं ते गाव. माझ्या लहानपणी इथला पोळा असा असे, की मानाचा बैल वेशीतल्या तोरणाखाली पोचला तरी शेवटच्या बैलाची शेपटी शेजारच्या गावात माशा हाकत असे. त्या शेपटीबद्दल शेजारच्यांनी एकदा तक्रारही केली होती. घुंगरांच्या आवाजात रेल्वेची शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून पोळ्याच्या दिवशी ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत गाडी पुढं काढायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांना खोटं वाटतं, त्यांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता.

आता घरोघर ट्रॅक्टर. बैलजोड्या उरल्या त्या मोजताना हाताची बोटंही शिल्लक राहतील इतक्या. पोळ्यात पहिल्यांदा तोरणाखालून जायचा मान दत्तरावांच्या घराचा, आणि त्यांचा हरण्या त्या मानाला शोभत होता. हरणासारखे डोळे, फाटका डावा कान, आणि चाल अशी की मामलेदारानंसुद्धा वाट सोडावी. मागच्या साली लम्पीच्या साथीत हरण्या गेला. तेव्हापासून दत्तरावांचा गोठा रिकामाच आहे. दुसरा बैल त्यांनी आणला नाही आणि तो विषयही कुणाला काढू दिला नाही.

मग यंदा तोरणाखालून पुढं जायचं कुणी? गावात यावर चार बैठका झाल्या आणि चारी मोडल्या. शेवटी सिद्धोधन म्हणाला, "हरण्याच जाईल. म्या करतो त्याला."

सिद्धोधननं पुण्याकडच्या कारखान्यात बसगाड्यांची फायबरची तोंडं बनवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. दोन वर्षांपूर्वी तो बायकोला, सुकेशनीला, घेऊन गावी परतला आणि खालच्या आळीत पत्र्याचं शेड टाकून बसला. तडकलेल्या टाक्या, कूलरची बुडं, फवाऱ्याचे पंप, सगळं जोडून द्यायचा. आमच्या भागात मे महिन्यात कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खाली उडतात, तेव्हा कूलर म्हणजे दैवतच. पत्र्याचा कूलर गंजतो आणि ओल्या हाताला झटका देतो. सिद्धोधनचा कूलर गंजायचा नाही, झटका द्यायचा नाही आणि एका हातानं उचलून माडीवर नेता यायचा. त्याच्या जोरावर त्याचं बस्तान बसलं होतं.

तो हरण्या करायला बसला, तेव्हा सगळं गाव बघायला जायचं. आधी मातीचा बैल. त्यावरून दोन कुशींचे दोन साचे. साच्याला आतून मेण, मेणावर रंगाचा गुळगुळीत थर, त्यावर काचेच्या तंतूंची पांढरीशुभ्र चटई, आणि वरून ब्रशनं चोपडायचा रेझिनचा चिकट रस. एका म्हातारीनं ती चटई चिमटीत धरून विचारलं, "कोण्या वाणाचा कापूस हाय बाबा?" काच पिंजून कापूस होतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. रेझिन आपसूक तापायचं, वास डोक्यात जायचा, आणि सकाळी बघावं तर कापसाची ढाल झालेली. दोन्ही कुशी जोडल्या आणि हरण्या उभा राहिला, थेट फाटक्या कानासकट. मिरवायला सोपं जावं म्हणून त्याचे पाय चाकांच्या फळीवर बोल्टानं आवळले होते.

आणि आता शेड रिकामं होतं. महारुद्र, ज्याच्या दारात तीन ट्रॅक्टर उभे असतात, तो मध्ये उभा राहून ओरडत होता, "बैल काही उडून गेला न्हाई! ज्यानं केला त्यानंच इकला. हमरस्त्यावरचा ढाबेवाला शिवकांत कवापासून मागायलाय त्याला!"

सिद्धोधन नुकताच पूर्ण्याहून रंगाचा डबा घेऊन परतला होता. डबा त्यानं हळूच खाली ठेवला. "माझ्या इमानावर शक असंल," तो म्हणाला, "तर म्या इथं राहत न्हाई. उद्या तोरणाच्या येळंपर्यंत बैल घावला तर ठीक. न्हाई तर सांजच्या गाडीनं आमी दोघं पुण्याला. चोर म्हणून गावात कूलर जोडणार न्हाई म्या."

सुकेशनी घरात गेली. तिनं पेटी ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

२

गर्दीतून मन्मथअप्पा पुढं आले. अप्पा निवृत्त ढोरांचे डॉक्टर. परभणी जिल्ह्यातलं असं जनावर नाही ज्याच्या तोंडात त्यांनी हात घातला नाही. गुन्हे उकलण्याची विद्याही तिथलीच. ते म्हणायचे, जनावर आपलं दुखणं सांगत नाही आणि माणूस खोटं सांगतो. दोघांनाही हात लावूनच बघावं लागतं.

"उद्या दुपारपर्यंत कुनीबी कुनाला चोर म्हणायचं न्हाई," अप्पांनी फर्मावलं. मग शेडच्या दारात उकिडवे बसले. "महारुद्रा, ट्रॅक्टरची चाकोरी कुठंय?"

"म्हशी परतल्या की हितून. मोडली आसंल."

"ट्रॅक्टरची चाकोरी म्हशीनं मोडत न्हाई बाबा. मोडली ती बारीक चाकाची." अप्पा उठले. "सिद्धोधन, बैलाला हात लावला तर काय लागतं हाताला?"

"वरून काहीच न्हाई, अप्पा. आरशावाणी हाय. पर पोटाखालचा सांधा घासायचा राहिलाय. तिथं काचेची कुसं वर आलीत. हात घासला तर दोन दिवस खाज जात न्हाई."

"माझ्या लुगड्यांत बी निघतात ती," सुकेशनी आतून म्हणाली. "चोळलं की आनिक घुसतात. थंड पाण्यानं धुवायचं, चिकटपट्टीनं उपटायची."

अप्पांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, ढाब्यावर. जेवाया न्हाई."

शिवकांतचा ढाबा हमरस्त्यावर. बैलाचं नाव काढताच त्याच्या कपाळावर घाम आला. "मागितला होता म्या, खोटं कशाला बोलू. दारात उभा केला असता तर गिऱ्हाईक फोटू काढाया थांबलं असतं. सिद्धोधन न्हाई म्हणाला. मंग म्या नाद सोडला."

"आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली काय हाय?" अप्पांनी त्याच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

शिवकांत दारात आडवा झाला. "अप्पा, पाया पडतो. आज न्हाई दाखवत."

अप्पांनी त्याला हळूच बाजूला सारलं. अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी चार पायांवर उभं होतं, बैलाहून थोडं उंचच. मी ताडपत्रीचं टोक धरलं आणि ओढलं.

चार पाय होते. पाठ होती. शेपूटही होती. पण त्या जनावराला मुंडकंच नव्हतं.

३

मी मागच्या मागं भट्टीवर पडणार होतो. अप्पांनी मात्र डॉक्टरच्या सवयीनं जनावराच्या बरगड्यांवर टिचकी मारली. रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला.

"पिवळं कातडं, वर चट्टे," अप्पा पुटपुटले. "खरूज म्हणावी तर लय बेतानं पडलीय."

"जिराफ हाय त्यो, अप्पा!" शिवकांत रडकुंडीला आला. "मान तिकडं भिंतीला टेकून ठेवलीय. दसऱ्याला उभा करणार हाय, तवर कुनाला सांगू नका. सिद्धोधननंच करून दिलाय. म्हणाला, हरण्या गावाचा हाय, तुला वाटंल ते दुसरं मागून घे."

म्हणजे ढाबेवाला सुटला, आणि त्याच्याबरोबर सिद्धोधनही. ज्यानं मागणाऱ्याला एक जनावर करून दिलं, त्यानं दुसरं चोरून कशाला विकावं? पण महारुद्राला हे पटवायला जिराफ पुरणार नव्हता. त्याला बैलच दाखवावा लागणार होता.

तेवढ्यात आचारी भट्टीकडं आला आणि वाटेतला जिराफ त्यानं पोटाला धरून, पोरगं कडेवर घ्यावं तसा उचलून, कोपऱ्यात ठेवला.

अप्पा थांबले. "आरं, एकट्यानं?"

"हलका हाय, साहेब. पोकळच हाय की."

अप्पांनी आचाऱ्याच्या हातांकडं बघितलं. "आपण सगळे येडे हाओत," ते मला म्हणाले. "बैल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बैलाचं वजन उभं राहतं. गावभर क्रेन आणि ट्रॅक्टर शोधायलाव आपण. वजन नसलेला बैल, त्याला खाली चाकं. अरे, एक म्हातारा माणूससुद्धा दोरीनं ओढीत नेईल त्याला."

"मग चोर एकटा असू शकतो?"

"एकटा बी आणि पायी बी. आणि पायी गेला आसंल तर सिद्धम्मानं बघितला आसंल."

४

नदीच्या वळणावर सिद्धम्मांचं चहाचं खोपट आहे. तिथून नदीकडं मुंगी गेली तरी ती कोणाच्या घरची, हे त्या सांगतात. आम्ही गेलो तेव्हा त्या पोळ्याच्या तोरणासाठी आंब्याची पानं दोरीत ओवत होत्या. त्यांना सांगायची भारी हौस. आमचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"कुनी परका आला न्हाई बघा अप्पा. टेम्पो न्हाई, गाडी न्हाई. खांदमळणीचा दिस. दोन-तीन जोड्या धुवायला गेल्या, परत आल्या. महारुद्राच्या म्हशी गेल्या. दत्तराव त्यांचा बैल घिऊन गेले, पायघोळ झूल टाकून, नेहमीसारखे आपल्याच नादात. म्या म्हटलं, दादा, चहा घ्या. त्यांनी ऐकलं बी न्हाई. मंग शाळेची पोरं गेली पवायला, त्यांना म्या हाकलून लावलं, पाण्याला ओढ लय हाय यंदा. बाकी कुनी न्हाई. चोर काय माझ्या डोळ्यांत धूळ टाकून जातो व्हय?"

खांदमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाचा सोहळा. बैलांना नदीवर धुवायचं आणि वर्षभर जू ओढलेल्या त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची. सिद्धम्मांच्या बोलण्यात मला काहीच वावगं दिसलं नाही. आम्ही चहा घेतला आणि उठलो.

वाटेत कळलं की दत्तरावांना हुडहुडी भरलीय. अप्पा जुने दोस्त म्हणून डोकावले. दारात, रिकाम्या गोठ्यासमोर, दोरीवर झूल वाळत टाकलेली. जरीची, जुनी, हरण्याची. पाणी अजून टपकत होतं. मला भरून आलं. बैल नसला तरी म्हाताऱ्यानं सणाला त्याची झूल धुतली, असं मनात आलं.

दत्तराव घोंगडी पांघरून पडले होते. दोन्ही हात सारखे खाजवत होते. अप्पांनी हात उजेडात धरले. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला लालभडक चट्टे.

"गाजरगवत," दत्तराव म्हणाले.

"काचेचा बैल गायब झालाय, दत्तराव," अप्पा म्हणाले.

दत्तरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "गेला तर गेला. म्या कुठं सांगितलं होतं करायला? उद्या काचेचा नातू करून द्याल मला."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अजून राग गेला नाही बघा म्हाताऱ्याचा."

अप्पांचं लक्ष नव्हतं. ते सारखे आपलेच दोन हात पोटाशी गोल करून बघत होते, जसं काही हवेला मिठी मारताहेत.

५

पोळ्याची सकाळ. सुकेशनीनं पेटीला कुलूप घातलं होतं आणि सिद्धोधननं शेडवरची पाटी उतरवून ठेवली होती. अप्पा आणि मी सिद्धम्मांच्या खोपटात चहा घेत होतो, तेवढ्यात दूधवाला बजरंग धापा टाकत आला.

"चमत्कार झाला! खालच्या गावच्या बंधाऱ्यावर नंदी आलाय. नदीतून. चालत!"

"चालत कसा?" कुणीतरी विचारलं.

"पाण्यावरून! छातीपर्यंत पाण्यात, मान ताठ, डोळे उघडे. न हालता, न डुलता आला आणि बंधाऱ्याला टेकून उभा राहिला. तिथल्या सटवाजीबाबांनी नारळ फोडला. रांग लागलीय बायांची!"

अप्पांच्या हातातली बशी थांबली. मग त्यांनी चहा बशीत तसाच ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा टाकून उठले.

"सिद्धम्मा, काल दत्तराव काय घिऊन गेले म्हणाल्या तुमी?"

"बैल. त्यांचा."

"दत्तरावांकडं बैल कुठंय?"

सिद्धम्मांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आमचंही. हरण्या गेल्याला वर्ष झालं होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण खांदमळणीच्या दुपारी दत्तराव झूल टाकलेला बैल नदीला नेतात, हे सिद्धम्मांनी सून म्हणून आल्यापासून दरसाल पाहिलेलं. डोळ्यांना इतकी सवय, की त्यांनी मनाला विचारलंच नाही.

अप्पा तडक दत्तरावांच्या दारात गेले. मी मागं.

"दत्तराव, गाजरगवताची खाज मानेवर उठते, कोपराच्या घडीत उठते. आतल्या अंगाला, दोन्ही हातांना सारखी उठते ती मिठी मारल्यावर. ज्याचं पोट खरखरीत हाय अशा जनावराला मिठी मारल्यावर. आणि बैल नसताना झूल पान्यानं निथळत न्हाई."

म्हातारा उठून बसला.

"म्या बघाया गेलो होतो," दत्तराव म्हणाले. "फकस्त बघाया. शिव्या द्यायच्या मनात होत्या. शेडावर कुनी नव्हतं, कडी काढली तर त्यो उभा. कान फाटका. माझ्याकडंच बघत व्हता. मंग मला काय झालं ते न्हाई सांगता येत अप्पा. खांदमळणीचा दिस. खांदा न मळता मानाचा बैल तोरणाखाली जातो कसा? घरून झूल आणली, टाकली, कासरा बांधला. नदीवर झूल काढली, हळद-तूप चोळलं. मंग पाण्यात घेतला. नेहमी घेतो तसा. हरण्या कमरेइतक्या पाण्यात गेला की पाय रोवून उभा राहायचा. ह्यानं पाय रोवलेच न्हाईत. उचलला गेला. कासरा सुटला. म्या पोटाला मिठी मारली, ओढीनं मला बी घेतलं. हात सुटले. त्यो गेला, अप्पा. न बुडता, मान ताठ ठेवून गेला. दुसऱ्यांदा गेला माझ्या हातून. कसं सांगू गावाला?"

"पोटात हवा, पायांना लोखंडी चाकांचं वजन," अप्पा हळूच म्हणाले. "नाव झाली त्याची. काच सडत न्हाई, फुगत न्हाई, पाणी पीत न्हाई. बुडायचं कामच न्हाई त्याला. दत्तराव, तुमच्या जागी सिद्धोधनला चोर ठरवलंय गावानं. सांजच्या गाडीनं निघालाय त्यो."

दत्तरावांनी घोंगडी फेकली. "कोन म्हणतंय चोर?" असं म्हणत ते अनवाणीच उंबऱ्याबाहेर पडले.

६

बंधाऱ्यावर गर्दी मावत नव्हती. सिद्धोधनला आम्ही टेम्पोत घालून आणलं होतं, आणि महारुद्रालाही, बळजबरीनं. हरण्या कुंकवानं लालेलाल झाला होता. खालच्या गावचे सटवाजीबाबा काठी आडवी धरून उभे.

"नंदी आपल्या पायांनी आलाय आमच्याकडं. देत न्हाई."

"पायांनी न्हाई, चाकांनी," अप्पा म्हणाले.

"डॉक्टर, तुमी शिकलेले. नाडी बघून सांगा मंग, जिवंत हाय का मेलेला?"

अप्पांनी सवयीनं बैलाकडं हात नेला आणि परत घेतला. दत्तराव पुढं झाले. त्यांनी हरण्याच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि हळद कुठं कुठं धुतली गेलीय ते बोटानं चाचपत राहिले, एका खांद्यावर, मग दुसऱ्या. सटवाजीबाबांनी ते हात बघितले. त्यांच्या गोठ्यातही आता ट्रॅक्टरच होता.

"घिऊन जा," ते म्हणाले. "पर दरसाल हितवर पाण्यातनंच यायला पायजे त्यो. आमी वाट बघू."

दुपारी वेशीत तोरण बांधलं गेलं. सगळं कवठाळं जमलं तेव्हा दत्तरावांनी घसा खाकरला आणि कालची दुपार सगळ्यांसमोर पुन्हा सांगितली, मिठीसकट. महारुद्र खाली बघत होता. त्यानं जाऊन शेडवरची पाटी स्वतःच्या हातानं पुन्हा टांगली, वाकडी का होईना.

मग दत्तरावांनी मानाचा कासरा सिद्धोधनच्या हातात दिला.

"काका, मान तुमच्या घराचा हाय," सिद्धोधन मागं सरकला. "आणि आमी विहारातली माणसं. पूजाअर्चा मला जमायची न्हाई."

"पूजा म्या करीन. तू कासरा धर. ज्याच्या हातून जन्मला त्यानं पुढं चालायचं."

सुकेशनीनं नवऱ्याच्या पाठीला हळूच ढकललं. सिद्धोधननं कासरा धरला.

घुंगरं वाजली. तोरणाखालून हरण्या निघाला. वेशीतला रस्ता चढाचा, दगडधोंड्यांचा. चाकं अडत होती, म्हणून दत्तराव त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला दोन्ही हात लावून जोर देत होते. ढकलत तेच होते. पण त्यांच्या पावलांकडं बघितलं तर कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की बैलच म्हाताऱ्याला ओढून नेतोय.